सतरा माणकं आणि एक गिऱ्हाईक

जुन्या बाजारात खिशातलं घड्याळ हाती लागलं की माणूस सर्वांत आधी ते कानाला लावतो. चालू असलं तरी लावतो, बंद असलं तरी लावतो. बंद घड्याळातून काही ऐकू येणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. पण समोर विकणारा बसलेला असतो, आणि आपण जाणकार आहोत हे त्याला कळवायचा दुसरा मार्ग चटकन सुचत नाही. मग तो डोळे बारीक करतो, मान जरा तिरकी करतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’ची किंमत साधारण पाचशे रुपये. म्हणजे विकणारा मनातल्या आकड्यात तेवढे वाढवतो. काही न बोलता घड्याळ खाली ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याला धाक असतो. ‘हं’ म्हणणारा ते घरी घेऊन जाणार, याबद्दल त्याला शंका नसते.

मी या ‘हं’वाल्यांच्या जमातीतला. जमात लहान आहे, पण भयंकर अभ्यासू आहे. अभ्यास वाढला की फसवणूक कमी होते, अशी आमची श्रद्धा आहे. ज्याला घड्याळातलं काही कळत नाही तो माणूस काच फुटलेलं, काटा तुटलेलं घड्याळ बघतो, “बंद आहे की हो!” म्हणतो आणि भजी खायला पुढे जातो. तो वाचतो. आम्हाला मात्र तेच घड्याळ का घ्यावं याची चार-पाच कारणं जागच्या जागी आठवतात, आणि सगळी ग्रंथांत सापडणारी असतात.

मुंबईत या अभ्यासाचं विद्यापीठ भेंडीबाजाराला लागून मटन स्ट्रीटवर आहे. लोक त्याला चोरबाजार म्हणतात. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार पसरतो. पुण्याची शाखा बुधवारी आणि रविवारी भरते, तिचं नाव नुसतंच जुना बाजार. एका फडक्यावर नळाच्या तोट्या, टीव्हीचे रिमोट, कवळीचा वरचा अर्धा भाग, कुणाला तरी खो-खोत मिळालेली ढाल, आणि या सगळ्यांत साखळीसकट घड्याळ.

यातली बरीच घड्याळं नवीकोरी असतात. पितळेची, मुद्दाम काळपट-हिरवट केलेली, झाकणावर ‘व्हिक्टोरिया’ नाहीतर ‘टायटॅनिक १९१२’ असं कोरलेली. उघडून पाहावं तर आत बटणाएवढा सेल. टायटॅनिकवर खरोखर एवढी घड्याळं असती, तर त्या जहाजाला बुडण्यासाठी हिमनग शोधत जावं लागलं नसतं. मी एकदा चोरबाजारातल्या विकणाऱ्या चाचांना विचारलं, “चाचा, व्हिक्टोरिया राणीच्या वेळेला सेलवर चालणारी घड्याळं होती?” चाचा शांतपणे म्हणाले, “साहेब, रानी थी. उसके पास सब था.”

ही पायरी मात्र आमची जमात सहज चढून जाते. सेल दिसला की आम्ही तुच्छतेनं हसतो, आणि त्या हसण्यातच खरा धोका असतो. एका सापळ्यातून सुटल्याचा आनंद इतका मोठा असतो, की चाचांनी शेजारच्या डब्यातून “फिर ये देखो, ये आपके लायक है” म्हणून काढलेलं दुसरं घड्याळ आम्ही जवळजवळ आभार मानून हातात घेतो.

ते दुसरं घड्याळ नेहमी रेल्वेचं असतं. चोरबाजारात आजवर गार्डसाहेबांची जितकी घड्याळं विकली गेली, तितके गार्ड जीआयपी रेल्वेनं तिच्या साऱ्या हयातीत नेमले नसतील. मागच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन असतं. चाचा अंगठ्यानं ते पुसून दाखवतात, म्हणजे धूर जास्त स्पष्ट दिसतो. आता रेल्वेचं घड्याळ कशाला म्हणायचं याची कसोटी आम्हाला पाठ असते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टनला एप्रिल १८९१ मध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिनचालकाचं घड्याळ मध्येच चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. मग क्लीव्हलंडचे जव्हेरी वेब बॉल यांना रेल्वेच्या घड्याळांची तपासणी करायला बसवलं. त्यातून जे नियम पुढे रूढ झाले ते असे कडक: आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त मागे-पुढे नको, उभं-आडवं-उताणं अशा पाच तऱ्हांनी धरून तपासलेलं हवं, किमान १७ ज्वेल, वर झाकण नको, अंक दुरून वाचता आले पाहिजेत. या कसोटीला लावलं तर मटन स्ट्रीटवरचं इंजिन यार्डातून बाहेरच पडत नाही.

कारण ते बहुधा रॉस्कॉफच्या घराण्यातलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फाँ गावी जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ नावाच्या गृहस्थानं १८६७ च्या सुमारास कामगारालाही परवडेल असं घड्याळ काढलं. किंमत वीस फ्रँक. भाग कमी केले, जिथे माणकं बसवायची तिथे पोलादाच्या साध्या टाचण्या लावल्या आणि नाव ठेवलं ‘प्रोलेटेअर’. ते इतकं चाललं की त्याच्या बऱ्यावाईट नकलांनी जग भरून गेलं. तबकडीवर ‘सिस्टिम रॉस्कॉफ’ आणि पाठीवर इंजिन असलं की झालं. तेच घड्याळ चाचा आज “हैदराबाद के नवाब का” म्हणून विकतात. गिरणीतल्या माणसासाठी केलेली वस्तू शंभर वर्षांत नवाबाच्या खिशात जाऊन बसली. एवढी प्रगती समाजवादालाही साधली नाही.

आणि आम्ही? आम्हाला हे सगळं माहीत असतं, म्हणून तर आम्ही ते घेतो. “नवाबाचं नाही हो, रॉस्कॉफ आहे! लोकशाहीच्या इतिहासातलं महत्त्वाचं घड्याळ!” असं घरी सांगता येतं. ज्याला माहीत नसतं तो निदान फसवला तरी जातो. आम्ही संपूर्ण माहितीनिशी तेवढेच पैसे देतो.

माणकांचीही तीच गत. “सत्रह मानिक है साहेब. घडी का मत दो, मानिक का तो दो.” हे ऐकून नवख्याच्या डोळ्यांसमोर सराफाची काळी मखमल उभी राहते. प्रत्यक्षात ज्वेल म्हणजे चाकांच्या धुऱ्यांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले मोहरीएवढे खडे. १९०२ साली व्हेर्नई या फ्रेंच शास्त्रज्ञानं कृत्रिम माणिक करायची रीत जाहीर केली. तेव्हापासून ते कारखान्यात पैशाला पासरी होतात. सतरांचे मिळून इराण्याकडे एक पानी कम चहा येईल की नाही, शंका आहे. पण ‘सतरा माणकांचं घड्याळ’ हे शब्द एकदा कानावर पडले की पुढचं वाक्य कुणाला ऐकू येत नाही.

डबीच्या धातूची परीक्षा हे मात्र खरंच रसाळ प्रकरण आहे, आणि त्यासाठी भिंग जवळ हवं. इंग्रजी चांदीवर चालणारा सिंह असतो. १८८२ नंतरच्या स्विस चांदीवर ०.८०० शुद्धतेला रानकोंबड्यासारखा एक पक्षी, ०.८७५ ला अस्वल. आता शंभर-सव्वाशे वर्षं खिशात घासून त्या अस्वलाचं डुक्कर झालेलं असतं, पक्ष्याची तर नुसती शेपूट उरलेली असते. बाजारातल्या पिवळ्या बल्बखाली उकिडवं बसून एक प्रौढ, पगारदार माणूस “अस्वल आहे, अस्वलच आहे” असं पुटपुटतो आहे, हे दृश्य त्याच्या कार्यालयातल्या लोकांनी पाहू नये. अमेरिकन डब्यांची गंमत वेगळीच. काहींवर ‘सिल्व्हरॉइड’ लिहिलेलं असतं आणि चांदी औषधालाही नसते. काहींवर ‘वॉरंटेड २० इयर्स’. म्हणजे पितळेच्या दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला आहे आणि तो वीस वर्षं तरी झिजणार नाही अशी कंपनीची हमी. ही हमी फाळणीच्या कितीतरी आधी संपली. पण मी “चाचा, चालेल ना नीट? काही गॅरंटी?” असं विचारलं तेव्हा चाचांनी झाकण उघडून त्याच ओळीवर बोट ठेवलं. “बीस साल. लिखा हुआ है.”

तबकडीवर नवखे हमखास एक शोध लावतात. रोमन आकड्यांत चार हा एक उभी रेघ आणि व्ही असा हवा, इथे चार उभ्या रेघा आहेत, म्हणजे घड्याळ नकली! चार रेघा ही घड्याळांची जुनी रीतच आहे, हे त्यांना कुणी सांगू नये, कारण तेवढ्याच एका गैरसमजामुळे त्यांचे पैसे वाचतात. खरी तबकडी तांब्यावर भाजलेल्या पांढऱ्या मिन्याची. तिला केसासारख्या चिरा जातात आणि त्यांत मळ बसून त्या काळ्या दिसतात. त्यावर संग्राहकांचा जागतिक उपाय म्हणजे कवळी धुवायची गोळी. पेल्यात पाणी, पाण्यात गोळी, त्यात तबकडी. चीर जात नाही, पण मळ जातो. आमच्या घरी हा पेला रात्रभर ओट्यावर होता. सकाळी आईनं आधी पेल्याकडे आणि मग माझ्या दातांकडे पाहिलं.

ज्यांना धुवायचा कंटाळा आहे ते सरळ रंगवतात. जुन्या मनगटी घड्याळांच्या तबकड्या खरवडून, वर भडक रंग आणि वेडीवाकडी अक्षरं छापून विकण्यात आपली मंडळी इतकी तरबेज झाली, की परदेशातले संग्राहक असल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शहराचं नाव जगात कशाकशानं निघेल सांगता येत नाही.

आता क्रमांक. वॉल्थम, एल्जिन या अमेरिकन कंपन्यांनी यंत्रावर जे आकडे कोरले, त्यावरून घड्याळ कोणत्या साली झालं ते बऱ्यापैकी कळतं. ही सोय ज्यानं केली त्यानं आमच्या जमातीचं फार मोठं नुकसान केलं. समजा साल निघालं १९०८. आमचा माणूस ताबडतोब म्हणणार, “म्हणजे टिळकांना मंडालेला नेलं ते साल!” आहेच ते साल, त्यात खोटं काही नाही. आठवड्यानं पाहुण्यांना घड्याळ दाखवताना तो म्हणतो, “टिळकांच्या वेळचं आहे.” पाहुणे आपल्या घरी जाऊन सांगतात, “त्यांच्याकडे टिळकांच्या काळातलं एक घड्याळ आहे, मंडालेशी काहीतरी संबंध आहे.” पुढच्या गणपतीत शेजारची मुलं दारात येतात: काका, टिळकांचं घड्याळ बघायला द्या ना.

डबी एकीकडची आणि यंत्र दुसरीकडचं, असंही फार असतं. ओळखायची खूण सोपी आहे. उघड्या तोंडाच्या घड्याळात किल्ली बाराच्या डोक्यावर आणि सेकंदाची छोटी तबकडी सहावर, अशी समोरासमोर हवी. किल्ली तीनवर निघाली तर झाकणाच्या घड्याळाचं यंत्र भलत्याच डबीत कोंबलं असण्याचा संभव जास्त. पण याही बाबतीत आमच्याकडे सबब तयार. अमेरिकेत त्या काळी जव्हेऱ्याकडे यंत्र आणि डबी वेगवेगळी मिळत, गिऱ्हाईक आपल्या पसंतीनं जोडी लावून घेई, म्हणून दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तरी बिघडत नाही. हे अगदी खरं आहे. मात्र डबी स्विस, यंत्र इंग्रजी आणि काटे एचएमटीचे निघाले, तरी हीच सबब सांगणारे लोक मी पाहिले आहेत.

भावाचा प्रश्न येतो तेव्हा चाचा आंतरराष्ट्रीय होतात. त्यांना लिलावांची बित्तंबातमी असते. २०१४ साली जिनिव्हात हेन्री ग्रेव्ह्ज नावाच्या अमेरिकन धनिकाचं पाटेक फिलिप घड्याळ दोन कोटी चाळीस लाख डॉलरांना गेलं, हे त्यांना पाठ आहे. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये गांधीजींचं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट हे सगळं मिळून अठरा लाख डॉलरांना गेलं आणि ते विजय मल्ल्यांनी घेतलं, हेही पाठ आहे. दारूबंदीवाल्या महात्म्याची वाटी दारूवाल्यानं सोडवावी, यावर आमचं दोघांचं क्षणभर एकमत होतं. मग चाचा मुद्द्यावर येतात. “वो अठरा लाख डॉलर. मैं तो रुपया बोल रहा हूँ.” गांधीजींच्या जवळ इंगरसॉलचंही एक घड्याळ असे, आणि त्या कंपनीचं नावच मुळी एक डॉलरच्या घड्याळानं झालं होतं, असं मी म्हणून पाहिलं. “तो वो ले लो,” चाचा म्हणाले, “वो भी है.”

घासाघीस करून, उठून चार पावलं चालून, हाक येण्याची वाट बघून, हाक न आल्यामुळे आपणच परत फिरून घड्याळ घेतलं की ते घड्याळजींकडे न्यायचं. घड्याळजी ही जात आता दुर्मीळ. जिन्याखालची दुकानं, काचेच्या पेटीमागे एक माणूस, डोळ्यात भिंग. काका झाकण उघडतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “हे आधी कुणी उघडलं होतं?” वास्तविक तो प्रश्न तुम्हाला नसतो, शंभर वर्षांतल्या सगळ्या घड्याळजींना असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला त्या सगळ्यांनी टोकदार हत्यारानं आपापल्या खुणा ओरखडून ठेवलेल्या असतात. तारखा, आद्याक्षरं, काही नुसते आकडे. काका त्यातली एकेक वाचतात आणि एकेकाबद्दल “च्च” करतात.

मग निदान होतं. बालकमान गुंतलेली. बॅलन्सचा स्टाफ मोडलेला. मुख्य कमान शाबूत, पण थकलेली.

“पार्ट मिळेल का काका?”

“आता कुठला मिळतोय? असंच दुसरं एक आणा. त्यातला काढून यात घालू.”

लोकांना वाटतं संग्रह हौसेनं वाढतो. तो असा वाढतो. दुरुस्तीसाठी म्हणून तुम्ही दुसरं घड्याळ आणता. ते पहिल्यापेक्षा चांगलं निघतं. ते मोडवत नाही. आता दुसऱ्याला एक काटा हवा असतो, तो पहिल्यात नसतो, म्हणून तिसरं. कपाटात चौदा घड्याळं आहेत आणि त्यांतली तेरा ‘पार्टसाठी’ आहेत, असं सांगणारा एक निवृत्त माणूस मला ठाऊक आहे. चौदावं चालतं का, हे विचारण्याइतका मी निष्ठुर नाही.

काका घड्याळ ठेवून घेतात आणि म्हणतात, “मंगळवारी या.” कोणत्या मंगळवारी, हे विचारायचं नसतं. आमच्या जमातीत या बाबतीत फार धीर आहे, कारण आम्हाला मारी आंत्वानेतची गोष्ट माहीत असते. फ्रान्सच्या या राणीसाठी अब्राहम लुई ब्रेगे या थोर घड्याळजीकडे १७८३ साली घड्याळ सांगितलं गेलं. १७९३ साली राणीचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. १८२३ साली ब्रेगे वारले. १८२७ साली घड्याळ तयार झालं. चव्वेचाळीस वर्षं! काकांना मी ही हकिकत रंगवून सांगितली. त्यांनी भिंग न काढता विचारलं, “ॲडव्हान्स दिला होता का तिनं?”

शेवटी घड्याळ हातात येतं, टिकटिकतं, आणि मग कळतं की ते ठेवायला आपल्याकडे जागाच नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं तर वाकल्याबरोबर साखळीला लोंबकळतं. झब्ब्याच्या बगलखिशात ते मांडीवर आपटत राहतं. वेस्टकोट घालावा, तर मे महिन्यातल्या मुंबईत वेस्टकोट घालून विरार लोकल पकडणाऱ्या माणसाकडे वेळ नव्हे, नाव-पत्ता विचारतात. जीन्सच्या उजव्या खिशात जो आणखी एक चिमुकला खिसा असतो, तो मुळात याच घड्याळासाठी शिवलेला. पण मूळ रचना खाणीत उभ्यानं काम करणाऱ्यांच्या पोटाला धरून केलेली आहे. बसून काम करणाऱ्याचं पोट तो खिसा वरून बंद करून टाकतं.

राहिला प्रश्न वेळेचा. सगळी डागडुजी होऊनही घड्याळ मागे पडतं. काका म्हणतात, “एवढं वय आहे त्याचं, तुम्ही तरी या वयात वेळेवर पोचाल का?” आमची जमात इथेही हार खात नाही, कारण आमच्याकडे मुंबई वेळ आहे. एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लावली, तर मुंबईकर खवळले. गिरणी कामगारांनी निषेध केला, आणि नगरपालिकेनं जुनी वेळ चालू ठेवली ती थेट १९५५ पर्यंत. म्हणजे पन्नासएक वर्षं या शहरात एका रस्त्यावर एक वेळ आणि वळून गेलं की दुसरी, मध्ये अंतर ३९ मिनिटांचं. घड्याळ मुंबईत वापरलेलं असेल, तर ३९ मिनिटांपर्यंत ते मागे आहे असं म्हणता येत नाही. ते निष्ठावान आहे.

हे मी परवा दादरला एका लग्नात वधूपित्याला समजावून सांगितलं. मुहूर्त टळून गेला होता, अक्षता टाकून झाल्या होत्या, पहिली पंगत उठत होती. मी साखळी ओढून घड्याळ बाहेर काढलं, त्यांच्यासमोर धरलं, १९०६ सांगितलं, १९५५ सांगितलं, ३९ मिनिटांचा हिशेब मांडला. त्यांनी सगळं अगदी आस्थेनं ऐकून घेतलं. घड्याळ हातात घेऊन कानालाही लावलं.

“हं,” ते म्हणाले. “छान आहे. या, पानावर बसा. आहेर तेवढा भारतीय प्रमाणवेळेनुसार द्या.”